म्हातारा ताम्या

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, घरची मंडळी ठीक असतील, असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. सहा वेळा फोन केला. पाच वेळा नुसता वाजला, सहाव्यांदा तुझ्या बायकोने उचलला. "ताई, ते अंघोळीला गेलेत," म्हणाली. दुपारी चार वाजता! लहानपणी तुला मोरीत न्यायचं म्हणजे मला घरभर तुझ्यामागे पळावं लागायचं. तिला असलं बोलायला लावू नकोस, तिला जमत नाही. बिचारीचा आवाज कापत होता. म्हणून मग कागद घेतला. बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर एक दिवसाआड इथून तुमच्या धक्क्यावर येतो. तो हातात देईन म्हणाला.

इकडे सगळं नेहमीचं. संग्रहालयाच्या तळघरातला नळ पुन्हा गळतोय. तीन हजार बरण्या, त्यांतले खेकडे आणि त्यांच्यामध्ये मी. माझ्या जेवणाच्या डब्यालाही आता स्पिरिटचा वास येतो, असं शेजारच्या टेबलावरची म्हणते आणि माझी भाजी मात्र चाटूनपुसून खाते. गुडघा दुखतो. भिंगाचा दिवा गेला होता, तो साहेबांच्या मागे लागून लागून बदलून घेतला. साहेब म्हणजे आमचे नवे विभागप्रमुख. त्यांना कुठलीही गोष्ट तीनदा सांगितली की ती पहिल्यांदा ऐकू जाते.

ड्रायव्हरकडून कळलं की तुला निवडीच्या ओट्यावरून काढून बर्फाच्या खोलीत घातलंय. अठरा वर्षं तू त्या ओट्यावर उभा राहिलास. जाळ्यातून ओतलेल्या ढिगातला कुठला खेकडा बाजारात जाईल, कुठला परत पाण्यात आणि कुठला पाय तुटला म्हणून कँटीनला जाणाऱ्या लंगड्यांच्या टोपलीत, हे तू गप्पा मारता मारता ठरवायचास. आता बर्फ फोडतोस. हातमोजे घालतोस का? घाल. तुझी बोटं लवकर फुटतात.

जाळीवाल्या मामांबद्दल मी अजून तुझ्याशी एक शब्द बोललेले नाही. ते ओट्याशेजारी बसून जाळी शिवायचे आणि तुला मोठ्याने चिडवायचे, ते मला इथे फोनवर ऐकू यायचं. "बहिणीला विचारल्याशिवाय ह्याला शिंकसुद्धा येत नाही," असं काहीतरी. एकवीस ऑगस्टला धक्क्याच्या कँटीनमध्ये ते जेवले, ओठांना मुंग्या येतायत म्हणाले, आणि चार तासांत तुझ्या हातांवर गेले. हे मला तू नाही सांगितलंस. मी ते चौकशीच्या कागदात वाचलं. कागदात ते 'मयत, वय ६१, जाळी दुरुस्त करणारा' एवढेच आहेत.

गेल्या गुरुवारी चौकशीच्या खोलीत आपण मध्ये दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मी जाणकार म्हणून, तू जबाब द्यायला. कँटीनमधून मिळालेल्या कवचाच्या तुकड्यांची डबी अधिकारी बाईंनी माझ्यापुढे ठेवली. मी सांगितलं, ही विषारी जात आहे, कितीही शिजवली तरी विष जात नाही. त्यांनी विचारलं, भिंतीवर तुमचा तक्ता होता, तो पाहून निवडणाऱ्याला ही ओळखता यायला हवी होती का? मी म्हणाले, "हो." मग त्यांनी तुला विचारलं. तू मान खाली घालून म्हणालास, "माझी नजरचूक झाली." मी पाणी प्यायले. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

सोमवारी पंधरा तारखेला निकाल आहे. निष्काळजीपणा ठरला तर नोकरी जाईलच, वर प्रकरण कोर्टात जाईल. घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण मलाच भीती वाटते, तर तुला काय सांगू?

एक बारीकसं काम होतं. ओट्यामागच्या भिंतीवर माझा तो तक्ता अजून आहे का? असला तर काढून, गुंडाळून ड्रायव्हरकडे दे. थोडी दुरुस्ती करायची आहे. घाई नाही.

जेवत जा. बायकोशी बोलत जा.

तुझी
ताई

ता. क. घाई नाही लिहिलंय, पण गुरुवारच्या गाडीने पाठवलास तर बरं होईल.

*

गुरुवार, ११ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. आज खुशाली विचारत बसत नाही.

ड्रायव्हर रिकाम्या हाताने आला. पत्र दिलंत का, तर दिलं. वाचलं का त्याने? "खिशात घातलं, बाई." आणि तक्ता? "आहे की भिंतीवर. तुमच्या भावाच्या जागी नवा माणूस आलाय ना, तो सारखा त्याच्यावर बोट ठेवून बघत असतो." हे ऐकलं आणि लगेच कागद घेतला. मंगळवारी 'घाई नाही' लिहिलं ते खोटं होतं. हे जिथे वाचत असशील तिथून उठ, ओट्यामागे जा, तक्ता भिंतीवरून काढ. फाटला तरी चालेल. मग पुढचं वाच.

काढलास? आता सांगते.

तक्ता लावायला मी स्वतः आले होते, आठवतं? तुम्हा सगळ्यांना ओट्याभोवती उभं करून शिकवलं होतं. दोन खेकडे, सख्खे भाऊ शोभतील असे. दोन्ही तांबूस, दोघांच्या पाठीवर फिकट रेषांची जाळी, दोघांच्या नांग्यांची बोटं काळी. एक ताम्या, रोजचा, खाण्यातला. दुसरा विषारी, दूरच्या खडकांवर राहणारा, आपल्याकडे क्वचित येणारा. रंगावर जायचं नाही, कवचाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवायचं. ताम्याला चार बोथट दात लागतात. विषाऱ्याची कड बशीच्या काठासारखी गुळगुळीत. तक्त्यावरची पहिली दोन चित्रं एवढंच सांगतात, आणि ती दोन्ही बरोबर आहेत.

तिसरं चित्र माझं लाडकं होतं. त्याखाली मी लिहिलं होतं की ताम्याचा नर म्हातारा झाला की त्याचे कडेचे दात झिजून जातात आणि नांगीचं काळं बोटांवरून खाली तळव्यावर, म्हणजे नांगीच्या फुगीर भागावर, उतरतं. म्हणून कड गुळगुळीत असली, पण काळं तळव्यावर आलेलं असलं, तर तो विषारी नव्हे, म्हातारा ताम्या, खुशाल खावा. हे माझ्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. ते छापून आलं तेव्हा सरांनी, म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनी, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. संग्रहालयात महिनाभर चेष्टा चालली होती, "बाईंना अखेर एक म्हातारा मिळाला!" मीही हसायचे. खोटं कशाला बोलू, मला फार आवडायचं ते.

बारक्या, म्हातारा ताम्या नावाचा खेकडा ह्या जगात नाही.

मी तो एकाच नमुन्यावरून रचला. बरणी क्रमांक एकशे चौदा. अकरा वर्षांपूर्वी मी बरण्यांमधलं जुनं स्पिरिट बदलत होते. आमच्याकडे चिठ्ठी दोऱ्याने खेकड्याच्या पायाला बांधतात, म्हणजे ती कधी हरवू नये. पण जुन्या स्पिरिटमध्ये खेकड्याचे पाय गळतात, आणि पाय गळला की चिठ्ठी त्याच्याबरोबर जाते. त्या दिवशी मी आळस केला. दोन बरण्या, यादीप्रमाणे एक ताम्याची आणि एक विषाऱ्याची, एकाच ताटात ओतल्या. एकीतल्या खेकड्याचा पार चुरा झाला होता. दुसरीतला धड होता, पण त्याचा डावा तिसरा पाय गेलेला. आणि ताटात एकच चिठ्ठी होती, एका गळलेल्या पायाला बांधलेली, सरांच्या अक्षरातली: 'ताम्या, नर'. मी तो पाय धड खेकड्याला लावून पाहिला. छान बसला. चुरा विषारी म्हणून नोंदवला आणि फेकून दिला.

स्पिरिटमध्ये रंग उडतो, सगळेच खेकडे बिस्किटासारखे दिसायला लागतात. तरी कड गुळगुळीत आहे, हे मला दिसलं होतं रे. तिथल्या तिथे मनात यायला हवं होतं की पाय दुसऱ्याचा आहे. ते येण्याऐवजी मी म्हातारपणाची गोष्ट रचली, दात झिजतात म्हणाले. आणि नांगीवरचं काळं सगळ्यात शेवटी उडतं, ते तळव्यापर्यंत दिसत होतं, म्हणून तेही गोष्टीत घातलं. खरं तर ते विषाऱ्याच्या नराचं लक्षण आहे. माझ्याकडे तोवर विषाऱ्याच्या फक्त माद्या होत्या.

चौकशीहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी एकशे चौदा उघडली. नराच्या पोटाखाली एक पट्टी असते, ती उचलली की आत दोन बारीक काड्यांसारखे अवयव दिसतात. त्यांच्या टोकावरून जात पक्की ठरते, तिथे वाद नाही. ताम्याचं टोक सरळ असतं. इतकी वर्षं मी ती पट्टी उचलली नव्हती, नमुना ठिसूळ आहे, मोडेल म्हणून. त्या दिवशी सुईने उचलली. टोक आकड्यासारखं वळलेलं होतं. मी दोन्ही बाजूंचं पाहिलं. म्हणजे तो विषारीच होता.

शुक्रवारी कळलं आणि मंगळवारी मी तुला 'थोडी दुरुस्ती' असं लिहिलं. मधले दिवस काय केलं म्हणशील, तर शनिवार-रविवार घरात फेऱ्या मारल्या आणि सोमवारी साहेबांना सांगितलं. ते दार लावून आले. म्हणाले, "बाई, तुमची दोन वर्षं उरलीत. कशाला अंगावर ओढून घेता? नवा तक्ता छापू, तिसरं चित्र काढून टाकू, वर 'सुधारित' लिहू. जुने हळूहळू परत मागवा, गाजावाजा नको." मी म्हणाले, "बरं." त्या 'बरं'च्या हिशेबाने मी तुला पहिलं पत्र लिहिलं. नऊ धक्क्यांवर माझे नऊ तक्ते लटकतायत, यंदा जवळपास खेकडा नाही म्हणून बोटी दूरच्या खडकांपर्यंत जातायत, आणि मी हळूहळू मागवत होते. मला माझी लाज वाटते.

हे पत्र आज रात्रीच्या मासळीच्या गाडीने पुढे पाठवते, आणि उद्या ड्रायव्हरबरोबर मी स्वतः निघते आहे. तुमचा धक्का शेवटचा आहे.

एक विचारू का? सोमवारी निकालाआधी तुला पुन्हा विचारतील, त्या सकाळी तू निवडताना कुणाला काही विचारलं होतंस का. तू काय सांगणार आहेस? मला आधी कळलं तर बरं होईल.

तुझी
ताई

*

शनिवार, १३ सप्टेंबर

बारक्या,

काल सकाळी साडेसहाला निघाले. ड्रायव्हरने पुढच्या सीटवर गोणपाट घालून जागा करून दिली. वाटेत तो गप्पा मारत होता आणि मी नुसती हो-हो करत होते. पहिल्या धक्क्यावर तक्त्याला तेलाचे डाग पडले होते, कुणी बघत नाही म्हणाले. दुसऱ्यावर तो उलटा लावला होता. तिसऱ्या-चौथ्यावर ओळखीची माणसं, चहा घ्या म्हणत मागे लागली. मी तक्ता काढायचे, तिसरं चित्र चुकीचं आहे म्हणून सांगायचे, कड गुळगुळीत दिसली की फेका, काळं कुठवर आहे ते बघू नका, असं त्यांच्याकडून तीन-तीनदा वदवून घ्यायचे आणि पुढे निघायचे. पाचव्यापर्यंत मला वाटायला लागलं होतं की निभावलं.

सहाव्या धक्क्यावर एक पोक्त बाई निवडीला आहे. पदर खोचून, कोपरापर्यंत ओली. मला पाहिल्यावर तिला फार आनंद झाला. "बाई, तुम्हीच ना त्या तक्त्याच्या? बरं झालं आलात. या, दाखवते." तिने लंगड्यांच्या टोपलीत हात घातला आणि एक मोठा खेकडा मागून धरून वर काढला. "हा बघा! बारा वर्षं निवडतेय, आज पहिल्यांदा सापडला. म्हातारा ताम्या ना हा?"

कड गुळगुळीत. काळं तळव्यावर उतरलेलं.

मी म्हणाले, "खाली ठेवा तो." आवाज इतका चढला की सगळा ओटा थांबला. तिचा चेहरा पडला. "चुकलं का माझं? तक्त्यात असंच दिलंय ना?" मागे कँटीनचा माणूस टोपली न्यायला येऊन उभा होता. हातात पातेलं. मी टोपली उचलून ओट्यावर उपडी केली, एकेकाच्या कडेवरून बोट फिरवलं, चौदा खेकडे. दुसरा कुठला नव्हता. मग त्या बाईचे हात धरले आणि म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही अगदी तक्त्याप्रमाणेच केलंत. ती बिचारी मलाच धीर द्यायला लागली. मला पाणी दिलं. मी ते पिऊ शकले नाही.

पाच मिनिटं उशीर झाला असता तर, बारक्या.

तुमच्या धक्क्यावर पोचले तेव्हा तीन वाजले होते. भिंतीवर चार खिळे आणि तक्त्याच्या आकाराचा उजळ चौकोन. नवा माणूस म्हणाला, "तो बर्फवाला आला, काही न बोलता ओरबाडून घेऊन गेला." म्हणजे तू पत्र वाचलंस. मी बर्फाच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते. आत तू बर्फ फोडत होतास, आवाज येत होता. मी दारावर हात ठेवला, पण ते वाजवलं नाही. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मी निघाले. मला तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही, हे खरं कारण. दुसरं काही नाही.

आता ते लिहिते, जे दोन पत्रांत लिहिलं नाही. परवा शेवटी मी तुला विचारलं ना, सोमवारी काय सांगणार आहेस म्हणून? ते मी स्वतःसाठी विचारलं होतं. तू अजून गप्पच आहेस की नाही, हे मला चाचपून बघायचं होतं. इतक्या खालच्या थराला मी परवापर्यंत होते.

एकवीस तारखेला सकाळी दहाला तू मला फोन केला होतास. मी चिठ्ठ्या चिकटवत होते, फोन खांद्याशी धरून बोलले. प्रत्येक शब्द मला पाठ आहे. तुलाही असेल.

"ताई, एक लंगडा आलाय. मोठाच्या मोठा. कड एकदम गुळगुळीत. मला काय हा बरा दिसत नाही. फेकतो."

"काळं कुठवर आहे?"

"तळव्यावर उतरलंय."

"अरे मग तो म्हातारा ताम्या! तक्ता बघ ना, तिसरं चित्र."

"बघितलं गं. पण ह्याची चाल निराळी आहे. आणि पाय बघ, आपल्या ताम्यासारखे केसाळ नाहीत."

"चालीवरून जात ठरत नाही बारक्या. अठरा वर्षं झाली तुला, अजून चाल काय बघतोस? टाक टोपलीत. आणि कवच तेवढं फेकू देऊ नकोस, मला हवंय."

तू हसलास. "बरं बाई, तुझा म्हातारा तुला." मागून मामा काहीतरी ओरडले, तेही हसत होते. मी फोन ठेवला. मला इतका आनंद झाला होता की मी शेजारच्या टेबलावरचीला सांगितलं, दुसरा मिळाला, दुसरा!

मी कवच मागितलं म्हणून तू कँटीनमध्ये ते बाजूला ठेवायला सांगितलंस. ते तुकडे चौकशीला मिळाले ते त्यामुळे. नाहीतर तेही कचऱ्यात गेले असते. आणि खेकडा मोठा होता म्हणून सगळ्यांनी मिळून तो मामांच्या ताटात वाढला.

हे सगळं तुला माहीत असताना तू त्या खोलीत 'नजरचूक' म्हणालास. मी घरी येऊन स्वतःची समजूत घातली होती की तू फोन विसरला असशील. मग म्हटलं, रागावला असेल, म्हणून बोलत नाही. काल रात्री तुझ्या बायकोशी बोलले. ह्या वेळी तिने अंघोळ वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाली, "ताई, ते रोज तेच घोकत असतात. मी ताईला काळं नीट सांगितलं नसेल, बोटापाशीच असेल, मलाच तळव्यावर दिसलं असेल, ताई कशी चुकेल? आणि फोनचं कुठे बोलायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय." मग ती रडायला लागली. मीही.

म्हणजे तू मला वाचवत होतास, आणि वर चूक तुझीच आहे असंही धरून बसला होतास. अरे वेड्या, तुझ्या ताईने काय असं मोठं केलं होतं तुझ्यासाठी? शाळेत असताना तुझे दोन-चार निबंध लिहून दिले असतील आणि मोरीत नेऊन तोंड धुतलं असेल. तेवढ्यावर एवढं?

तर आता ऐक, आणि हे मोठी बहीण म्हणून नाही सांगत. तुला काळं तळव्यावर दिसलं, कारण ते तळव्यावरच होतं. अधिकारी बाईंनी दिलेल्या डबीत नांगीचाही एक तुकडा होता. मी तो चौकशीत पुढे केला नाही. कवचाची कड दाखवली आणि नांगी डबीतच ठेवली, कारण नांगी दाखवली असती तर कुणीतरी विचारलं असतं की मग तुमच्या तक्त्याप्रमाणे हा खाण्यातला ठरतो ना? त्या क्षणी मला एकशे चौदाचं काही माहीत नव्हतं. पण काहीतरी फार चुकलंय एवढं कळलं होतं, आणि मी डबीचं झाकण लावलं. तुझ्यासमोर लावलं.

आज दुपारी मी अधिकारी बाईंच्या कार्यालयात जाऊन पाच पानांचा जबाब हातात दिला आणि पोच घेतली. एकशे चौदा नंबरची बरणी, नांगीचा तुकडा, तक्ता, फोन, वेळ, तू काय म्हणालास, मी काय म्हणाले, सगळं आहे त्यात. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि मला बसायला सांगितलं. "हे मागे घेता येणार नाही, समजतंय ना?" म्हणाल्या. मी म्हणाले, समजतंय. साहेबांना नंतर सांगितलं. त्यांना ह्या वेळी पहिल्यांदाच ऐकू गेलं. सोमवारपासून मी कामावर येऊ नये, असं म्हणाले. कोर्टात आता मी जाईन बहुतेक. सरांनाही पत्र टाकलं आहे. त्यांचं वय झालंय, वाचून त्यांना काय वाटेल ह्या विचाराने जीव घाबरा होतो, पण त्यांची चिठ्ठी बरोबर होती हे त्यांना कळायला हवं.

म्हणून तू आता मला वाचवायचं राहिलेलं नाही. खोटं बोललास तरी उपयोग नाही, नुसता तूच खोटा पडशील. सोमवारी मला आधी बोलावतील. माझ्यानंतर तुला. अधिकारी बाई विचारतील, तुम्ही खेकडा ओळखला होता का? तू ओळखला होतास. 'नजरचूक' हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. तू कडेवरून बोट फिरवलंस, पाय पाहिलेस, चाल पाहिलीस, फेकतो म्हणालास. अठरा वर्षांचा तुझा हात तो खेकडा फेकायला निघाला होता आणि मी फोनवरून तो धरला. असंच सांग. मान वर करून सांग. मला काय वाटेल म्हणून माझ्याकडे बघत बसू नकोस.

त्यानंतर मी मामांच्या घरी जाणार आहे. तू येऊ नकोस. तिथे मला एकटीलाच जाऊ दे.

जिचं तू त्या दिवशी ऐकायला नको होतंस, ती
तुझी ताई